बाबांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकू की नको?

प्रश्न, थोडक्यात: मी बरीच वर्षं विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम वापरतोय, ऑफिसचं कामही त्यावरच. बाबा रिटायर्ड आहेत, सत्तरीला आलेत. त्यांच्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे, त्याचा सपोर्ट संपला आणि मशीन जुनं म्हणून विंडोज ११ चालत नाही. मी म्हणतो मिंट नावाचं सोपं लिनक्स टाकू, मशीन अजून काही वर्षं मस्त चालेल. मोठी ताई म्हणते लिनक्स साध्या माणसांसाठी नाहीच, "तुझे प्रयोग बाबांवर नकोत", सरळ नवीन लॅपटॉप घेऊ. घरच्या ग्रुपवर महिनाभर आमची यावरून जुंपली आहे. ताई बाबांच्या जवळ राहते, मी लांब. बाबांचं काम अगदी साधं, फक्त ब्राउझर, म्हणजे मेल, बँक, व्हिडिओ कॉल, आणि ते एका लहान संस्थेचे खजिनदार आहेत त्याचं एक्सेल. बाबा म्हणतात तुम्ही दोघं ठरवा, माझं चाललं म्हणजे झालं. तर तुम्हीच एकदा सांगून टाका, लिनक्स रोजच्या वापरासाठी तयार आहे की नाही?

उत्तर:

तुम्हाला सल्ला कमी आणि पंच जास्त हवाय, बरोबर ना? म्हणजे मी "तयार आहे" म्हटलं की ते ग्रुपवर टाकायचं आणि विषय संपला. तसं होणार नाहीये, कारण तुम्ही दोघं ज्यावर भांडताय त्याचा निकाल लागला तरी बाबांचं काम अडणार की नाही हे त्यातून कळतच नाही. पण विचारलंच आहे तर तो मोठा प्रश्न आधी उरकून टाकते.

ब्राउझर, मेल, फोटो, पीडीएफ, व्हिडिओ एवढंच असेल तर लिनक्स तयार आहे, आणि आज नाही, कधीचंच. क्रोम तेच, फायरफॉक्स तेच, बँकेची साइट तीच. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये विद्यार्थी असताना हे सुरू केलं, तिथून ते सर्व्हरवर गेलं, अँड्रॉइड फोनच्या पोटात गेलं, क्रोमबुकमध्ये गेलं, जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीत तर नोव्हेंबर २०१७ पासून दुसरं काही दिसतच नाही. आणि घरातल्या डेस्कटॉपवर? कोण कुठली सिस्टीम वापरतं हे मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या आकड्यांत ४ टक्क्यांच्या वर जायला २०२४ उजाडलं. "हे वर्ष लिनक्स डेस्कटॉपचं" हा दरवर्षीचा जोक तर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकला असेल.

असं का, यावर तुम्ही म्हणाल मायक्रोसॉफ्टची मक्तेदारी, ताई म्हणतील अवघड आहे म्हणून. मला वाटतं त्याहून साधी गोष्ट आहे, बहुतेक लोक आयुष्यात एकदाही ऑपरेटिंग सिस्टीम इन्स्टॉल करत नाहीत, विंडोजसुद्धा नाही, ते मशीनमध्ये आलेलंच असतं. त्यामुळे ताई "विंडोज सोपं आहे" म्हणतात तेव्हा एका बाजूला घालूनच आलेली सिस्टीम असते आणि दुसऱ्या बाजूला पेनड्राइव्ह बनवा, बायोसमध्ये जा, पार्टिशन करा असली भानगड, ही तुलनाच बरोबरीची नाहीये. २०२२ मध्ये स्टीम डेक हे गेम खेळायचं यंत्र आलं, त्याच्या आत आर्च या लिनक्सच्या प्रकारावर बनवलेली सिस्टीम आहे, पण ते हातात धरून गेम खेळणाऱ्याला कोणी विचारत नाही की बाबा रे तुला लिनक्स झेपतंय का. त्याला ते माहीतही नसतं.

इथपर्यंत तुम्ही खूश असाल. आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य परत वाचा, "फक्त ब्राउझर" आणि मग स्वल्पविराम देऊन "त्याचं एक्सेल". सगळा खेळ त्या स्वल्पविरामाच्या पुढे आहे.

संस्थेच्या खजिनदाराचं एक्सेल म्हणजे काय असतं माहितीये ना? आधीच्या खजिनदाराने कधीतरी कोणाकडून तरी बनवून घेतलेली एक फाइल, पहिल्या शीटवर सभासदांची नावं, दुसरीवर जमाखर्च, आणि वर कोपऱ्यात एक राखाडी बटण, त्यावर लिहिलेलं "पावती". नाव निवडायचं, बटण दाबायचं, पावती तयार होऊन थेट प्रिंटरला जाते. हे सगळं व्हीबीए मॅक्रो, म्हणजे एक्सेल फाइलच्या आत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम आहे आणि त्यातली एक ओळ पण बाबांनी कधी बघितलेली नाही, बघायची गरजही नाही. ही फाइल लिनक्सवरच्या लिबरऑफिसमध्ये (एक्सेल-वर्डच्या जागी वापरायचं मोफत सॉफ्टवेअर) उघडली तर उघडेल, आकडे बरोबर असतील, कॅलिब्री फॉन्टच्या जागी कार्लिटो येईल पण त्याची अक्षरं तेवढ्याच रुंदीची असल्यामुळे रकाने फारसे हलणार नाहीत, तुम्ही लांबून बघून म्हणाल वा, चाललं की. मग बाबा बटण दाबतील. आधी तर मॅक्रो बंद आहेत अशी सूचना येईल, तुम्ही फोनवर सांगून ते चालू करवलंत तर पुढे एक वेगळीच खिडकी उघडेल, तिच्यात इंग्रजी कोड, एक ओळ हायलाइट केलेली आणि वर "बेसिक रनटाइम एरर". बाबांच्या दृष्टीने काल पावती निघत होती, आज निघत नाही, आणि समोर पावती मागणारा सभासद बसलाय. त्यांना लिनक्सच्या तत्त्वज्ञानाशी काय देणंघेणं?

तुमच्या बाबांची फाइल अशीच असेल असं नाही, मी अंदाज करतेय. फाइलचं एक्स्टेन्शन बघा, एक्सएलएसएम असेल तर आत मॅक्रो असण्याची शक्यता भरपूर, जुन्या एक्सएलएसमध्येही ते असू शकतात. लिबरऑफिसला व्हीबीए थोडंफार कळतं, सगळं नाही. आणि "मग एक्सेल ब्राउझरमध्ये वापरू" म्हणाल तर वेबवरच्या एक्सेलमध्ये व्हीबीए मॅक्रो चालतच नाहीत. वाइनवर (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) नवीन ऑफिस धड चालत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज ठेवून त्यात एक्सेल, हे तुमच्यासाठी ठीक आहे, सत्तरीच्या माणसाला एका खिडकीत दुसरा कॉम्प्युटर दाखवू नका, प्लीज.

"साधा माणूस" ही जी काय कल्पना आहे ना, तिथेच तुम्ही दोघं फसताय असं मला वाटतं. ज्याला फार कमी लागतं त्याचं लिनक्सवर छान चालतं, आणि तुमच्यासारख्या ज्याला सगळं कळतं त्याचंही चालतं. अडकतो तो मधला, ज्याने विंडोजवर वीस वर्षं काढून स्वतःची अशी दोन-तीन हत्यारं जमवलीत. कोणाचं फोटोशॉप, कोणाचं डिजिटल सहीचं यूएसबी टोकन ज्याचा ड्रायव्हर फक्त विंडोजचाच दिलेला असतो, कोणाच्या मुलाचा व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट (बाकी विंडोजचे गेम प्रोटॉन या सॉफ्टवेअरमुळे २०१८ पासून लिनक्सवर भरपूर चालायला लागले, पण या दोघांचं अँटी-चीट, म्हणजे फसवून खेळणं पकडणारं सॉफ्टवेअर, लिनक्सला आत घेत नाही). हे लोक अडाणी नाहीत, उलट आपल्या कामात एकदम तयार असतात, म्हणूनच त्यांना जास्त टोचतं. तुमचे बाबा मला या मधल्यांतले वाटतात आणि तुम्ही दोघं त्यांना पहिल्या गटात धरून वाद घालताय.

आता ताईंबद्दल. मी सांगते ते आवडणार नाही कदाचित, पण त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, फक्त कारण त्यांनी वेगळंच दिलंय. लिनक्स अवघड आहे हे कारण नाही. रात्री दहा वाजता वायफायचं चिन्ह गायब झालं तर बाबा कोणाला हाक मारणार? जवळ कोण आहे? विंडोज असेल तर ताई स्वतः बघतील, नाहीतर शेजारच्याला विचारतील, ऑफिसमधल्या कोणाला विचारतील, कोणीतरी निघतंच. लिनक्स असेल तर त्या एरर गुगल करणार आणि पहिल्याच उत्तरात येणार "टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा आणि हे पेस्ट करा". त्यातून काय होतं त्याचं २०२१ चं उदाहरण तुम्हाला माहीत असेलच, लिनस टेक टिप्स या यूट्यूब चॅनलचा लिनस सेबॅस्टियन पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेमचं दुकान टाकायला गेला, साध्या रस्त्याने होईना म्हणून टर्मिनलमध्ये कमांड दिली, सिस्टीमने इशारा दिला आणि खात्रीसाठी "येस, डू ॲज आय से!" एवढं वाक्य टाइप करायला लावलं, त्याने केलं, आणि अख्खं डेस्कटॉपच उडालं. रोज कॉम्प्युटरमध्ये राहणारा माणूस तो. तो बग नंतर लगेच दुरुस्त झाला हे खरं, पण ताईंनी ते वाक्य टाइप केलं नसतं असं तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता का?

पण ताईंचंही एक गृहीत चुकतंय, ते त्यांना सांगा (हळू सांगा). नवीन लॅपटॉप आणला की सगळं पहिल्यासारखं होईल असं त्यांना वाटतंय. विंडोज ११ मध्ये स्टार्ट मेनू मधोमध सरकलाय, राइट क्लिकचा मेनू बदललाय, सुरुवातीलाच मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतं, वनड्राइव्ह मधेमधे डोकं वर काढतं. बाबांना काहीतरी नवीन शिकायचंच आहे, दोन्हीकडे. उलट मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप दिसायला जुन्या विंडोजच्या जवळचा आहे, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू.

जर्मनीचं उदाहरण या वादात दोन्ही बाजूंचे लोक देतात म्हणून जाता जाता. म्युनिक महापालिकेने साधारण १५ हजार कॉम्प्युटर लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं, श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये ३० हजार मशीन लिनक्स आणि लिबरऑफिसवर न्यायचं जाहीर केलं. त्यांच्याकडे मदतीला अख्खा आयटी विभाग असतो, बाबांकडे तुम्ही आणि ताई, त्यामुळे आपल्या प्रश्नाला दोन्हीचा उपयोग शून्य.

आणि बाबा. "तुम्ही दोघं ठरवा" याला होकार समजू नका. महिनाभर पोरांची भांडणं वाचून वैतागलेला माणूस हेच म्हणतो. त्यांना "तुम्हाला लिनक्स चालेल का" असंही विचारू नका, त्याला काही अर्थ नाही. पुढच्या वेळी घरी गेलात की त्यांच्या शेजारी बसा, माउसला हात लावायचा नाही, मधे बोलायचं नाही, आणि ते काय काय उघडतात ते फक्त लिहून घ्या. तुम्ही "फक्त ब्राउझर" म्हणताय त्यातून चार-पाच अशा गोष्टी निघतील ज्या तुम्हाला माहीतच नव्हत्या. प्रिंटर कुठला आहे, नवा असेल तर लिनक्सवर बहुतेक ड्रायव्हरशिवाय चालतो, जुना स्वस्तातला लेझर असेल तर डोकेदुखी होऊ शकते. स्कॅनर. कुठलंतरी टोकन. आणि मराठी टायपिंग, हे हमखास राहतं! युनिकोड इनस्क्रिप्टने टाइप करत असतील तर काहीच प्रश्न नाही, पण संस्थेची जुनी पत्रं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असली तर नव्या मशीनवर ती उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतात, ते फॉन्ट शोधून टाकावे लागतात, आणि टाइप करायचं जुनं सॉफ्टवेअर लिनक्सवर येईलच असं नाही.

ही यादी झाली की मग मी काय करेन ते सांगते, आणि ज्यांच्या घरी आई, काका, शेजारी कोणाच्याही बाबतीत हाच प्रश्न आहे त्यांनीही हे बघा.

आधी थोडा वेळ विकत घ्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सिक्युरिटी अपडेट्सची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली, सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरून नाव नोंदवता येतं. अपडेट नसलेल्या मशीनवर बँकेचं काम चालू ठेवू नका, एवढं मात्र नक्की. टीपीएम या सिक्युरिटी चिपची अट चुकवून जबरदस्ती ११ टाकायची ट्रिक तुम्हाला माहीत असेल, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, बाबांच्या मशीनवर ते नको. आणि "लिनक्सला व्हायरस लागत नाही" वगैरे बाबांना सांगितलं असेल तर ते मागे घ्या, बँकेची खोटी साइट मिंटवरच्या फायरफॉक्समध्येही तशीच उघडते आणि ओटीपी विचारणारा फोन कुठल्याच सिस्टीमला विचारून येत नाही.

मग, सिस्टीम बदलायच्या आधी सॉफ्टवेअर बदला. हे लोक करत नाहीत आणि मला कळत नाही का. लिबरऑफिस विंडोजवरही चालतं, फायरफॉक्स चालतं, मेलसाठी थंडरबर्ड चालतं. आत्ताच्याच लॅपटॉपवर ते टाकून द्या आणि महिनाभर बाबांना त्यातच काम करू द्या, एक्सेल तिथेच राहू दे, अडलं तर परत जाता येतं. पावती निघत नसेल तर मॅक्रो दुरुस्त करत बसू नका, तुम्हाला कोड वाचता येतोय तर सरळ तिसरी शीट करा, वर एका खान्यात पावती नंबर टाकायचा आणि बाकीचं नाव, रक्कम, तारीख व्हीलुकअप या फॉर्म्युल्याने उचलून आणायचं, मग साधी प्रिंट. मॅक्रोच नाही, म्हणजे ती फाइल कुठेही चालेल, पुढच्या खजिनदारालाही बरं पडेल. महिन्याभरात बाबा त्यात रुळले तर खालची सिस्टीम बदलल्याचं त्यांना फारसं जाणवणारही नाही. नाही रुळले तर लिनक्सचा विषय तिथेच संपला आणि तुमचा एक वीकेंड वाचला.

रुळले तर लाइव्ह यूएसबी, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून चालणारं मिंट लावा. त्यात इन्स्टॉल काहीच होत नाही, फक्त हार्डवेअर तपासायचं. वायफाय, आवाज, कॅमेरा, माइक, प्रिंटर, ब्राइटनेसची बटणं हे सगळे बघतात, झाकण बंद करून उघडायचं मात्र कोणी बघत नाही आणि नेमकं तिथेच जुनी मशीन रुसतात, उघडल्यावर स्क्रीन काळी नाहीतर वायफाय गायब. दोन-तीनदा करून बघा. पेनड्राइव्हवरून सगळं हळू चालतं, त्यावरून बाबांना "हे स्लो आहे" वाटू नये म्हणून हे त्यांच्यासमोर करू नका.

ड्युअल बूट नको. मला माहितीये तुम्ही तोच विचार करताय, दोन्ही ठेवू, बाबांना हवं ते निवडतील. ते निवडणार नाहीत, सुरू करताना येणारा तो काळा मेनू बघून ताईंना फोन लावतील. शिवाय ऑगस्ट २०२४ च्या एका विंडोज अपडेटनंतर कितीतरी ड्युअल बूट मशीनवर लिनक्स सुरूच होईना, ते निस्तरायला तिथे तुम्ही नसणार. त्यापेक्षा जुन्या लॅपटॉपमधली डिस्क बहुतेक वेळा निघते, ती काढून नवी एसएसडी बसवा, तिच्यावर मिंट टाका आणि विंडोजवाली डिस्क लेबल लावून ड्रॉवरमध्ये ठेवा. नाही जमलं तर स्क्रू काढून जुनी परत. एन्क्रिप्शन चालू असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, बायोसमध्ये काही बदललं तर ती मागते. आणि बॅकअप आधीच घ्या, हे सांगायला नको.

टाकलंत तर साधं मिंटच, तुम्ही स्वतः काय वापरता त्याच्याशी याचा संबंध नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. टाइमशिफ्ट चालू करा म्हणजे बिघडलं तर मागच्या तारखेला जाता येतं, अपडेट आपोआप होतील असं ठेवा, आयकॉन जुन्या जागीच ठेवा, आणि लांबून स्क्रीन घेता येईल असं एखादं सॉफ्टवेअर टाकून ते तुमच्या घरून खरंच जोडलं जातंय का ते बघूनच निघा. पहिले तीन महिने बाबांचे सगळे फोन तुम्हाला, ताईंना एकही नाही, हे आधी ठरवून घ्या. तीन महिन्यांनी बाबा म्हणाले पूर्वीचंच बरं होतं, तर एक अक्षर न बोलता जुनी डिस्क परत लावायची, आणि मग पुढचा निर्णय ताईंचा.

नवीन लॅपटॉप आला तरी त्यात तुमची हार वगैरे काही नाहीये. लिबरऑफिसमध्ये बसवलेली ती पावतीची फाइल तशीच तिकडे नेता येईल. जुना लॅपटॉप मात्र भंगारात देऊ नका, त्यावर मिंट टाकून बाबांच्या टेबलाच्या एका कडेला ठेवा, बातम्या-गाणी लावायला म्हणून. त्यांनी वापरला तर वापरला, नाहीतर पुढच्या वेळी बॅगेत टाकून तुमच्याकडे घेऊन जा.